माणदेशाचा अमेरिकेवरचा राग

२०२५च्या ऑगस्टअखेर अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयात शुल्क लावले आणि आटपाडीच्या डाळिंब सौद्यात अमेरिकेच्या नावाने बोटे मोडणे सुरू झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये भगव्या डाळिंबाची पहिली खेप समुद्रमार्गे न्यूयॉर्कला पोहोचली होती. विमानाच्या भाड्यातून सुटका होईल, अशी आशा बागायतदारांना लागली होती. तेव्हा चीड साहजिक आहे. पण ‘अमेरिका आता बिघडली’ हे पालुपद मला पटत नाही. रशियाचे तेल घेता म्हणून शिक्षा, ही रीत जुनीच आहे. आमच्या पिढीने ती ताटातल्या भाकरीत पाहिली.

सवलतीच्या अमेरिकी धान्याच्या १९५६च्या पीएल-४८० कराराचे पुराण इथे लावत नाही, ते सर्वांना पाठ आहे. मुद्दा १९६५-६६चा. लागोपाठ दोन वर्षे पावसाने दडी मारलेली, आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाची रवानगी महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडायला सुरुवात केली. व्हिएतनामवरच्या बॉम्बफेकीबद्दल दिल्ली बोलली की तिकडे कपाळाला आठ्या. ६ जून १९६६ला रुपयाचे अवमूल्यन झाले, डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. त्यामागेही जागतिक बँकेचा आणि वॉशिंग्टनचा रेटा होता. ‘ज्यांचे खाल्ले त्यांनाच शिव्या?’ असे विचारणारे विद्वान तेव्हा होते आणि अजून आहेत. त्यांनी १९७४चा बांगलादेश आठवावा. क्युबाला तागाच्या गोण्या विकल्या म्हणून ऐन उपासमारीत त्या देशाचे अमेरिकी धान्य अडवले गेले.

आणि १९७२च्या दुष्काळातली मिलो ज्वारी? ती पीएल-४८०ची, असे हल्ली बिनदिक्कत लिहिले जाते. सवलतीची ती आयात तोवर थांबली होती. दुष्काळात बाहेरून धान्य आणले ते पैसे मोजून. पण माणदेशाला तो हिशेब कोण सांगणार? दिवसभर खडी फोडून आलेल्या बाईच्या परातीत तांबडे पीठ होते एवढे खरे. शाळूवर वाढलेल्या हातांना ते ऐकेना. पिठाला विरी नाही, थापायला घेतली की भाकरीच्या कडा फुटायच्या, उचलून तव्यात टाकताना निम्मी परातीतच राहायची. मग उकळते पाणी घालून मळायचे आणि जाड, लहान भाकऱ्या करायच्या. गार झाली की ती दाताने तुटत नसे. माझ्या आईने त्या भाकरीला कधी नाव ठेवले नाही, पण घरचा शाळू निघाला त्या वर्षी पहिली भाकरी देवापुढे ठेवून ती रडली. परावलंबन म्हणजे काय, हे मला तिथे कळले. पुस्तके नंतर आली.

अमेरिकेच्या सातव्या आरमाराची ‘एंटरप्राइझ’ नौका डिसेंबर १९७१मध्ये बंगालच्या उपसागराकडे निघाली, चिलीत १९७३ साली अयेंदे यांचे सरकार उलथले, १९८४ला भोपाळची वायुगळती झाली. यावर भरपूर लिहून झाले आहे; पुढे जातो.

एन्रॉन या अमेरिकी वीज कंपनीवर मात्र थांबायला हवे, कारण तो लढा आपला होता. गुहागरजवळच्या दाभोळ प्रकल्पाचा वीजखरेदी करार डिसेंबर १९९३चा. १९९५ला युती सरकारने तो रद्द केला आणि वर्षभरात फिरवून पुन्हा मान्य केला. १९९९ला वीज सुरू झाली, २००१मध्ये वीज मंडळाने ती महाग म्हणून नाकारली आणि त्याच डिसेंबरात एन्रॉन कंपनीच दिवाळखोरीत गेली. सांगली जिल्ह्याचे सुपुत्र प्रा. एन. डी. पाटील या कराराविरुद्ध गावोगाव आकडे मांडत फिरले. त्यांना विकासविरोधी ठरवणाऱ्यांपैकी कुणी नंतर चूक कबूल केल्याचे माझ्या वाचनात नाही.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. अमेरिकी सत्तेवर रागवायचे कसे, हे सांगली जिल्ह्याला एका अमेरिकन बाईने शिकवले. गेल ऑम्वेट यांचा जन्म १९४१चा, मिनिआपोलिसचा. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध स्वतःच्या देशात उभ्या राहिलेल्या पिढीतल्या त्या. बर्कले विद्यापीठासाठी त्यांनी प्रबंध लिहिला तो महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेवर आणि ब्राह्मणेतर चळवळीवर. तो १९७३ला पुरा झाला. आपल्या विद्यापीठांना तोवर या विषयाची फारशी फिकीर नव्हती. डॉ. भारत पाटणकरांशी लग्न करून त्या वाळवा तालुक्यातल्या कासेगावात आल्या, इंदुताई पाटणकरांसारख्या स्वातंत्र्यसैनिक सासूच्या घरात. १९८३ला त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले आणि २५ ऑगस्ट २०२१ला कासेगावातच देह ठेवला.

गेलताईंच्या लेखी दांडगाई वॉशिंग्टनची असो की गावातल्या वतनदाराची, जाब दोघांनाही विचारायचा. म्हणून आटपाडीची पाणी चळवळ मला या आढाव्याबाहेरची वाटत नाही. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी आणि डॉ. पाटणकर यांच्या पुढाकाराने १९९३पासून इथे पाणी संघर्ष परिषदा भरल्या. मागणी होती समन्यायी वाटपाची: कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळावे आणि भूमिहीनासह प्रत्येक कुटुंबाचा त्यावर हक्क असावा. टेंभू उपसा योजनेचे पाणी आज शिवारात दिसते, त्यामागे ही वर्षे आहेत. गेलताई शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या खुल्या बाजाराकडे झुकल्या तेव्हा माझे त्यांच्याशी पटले नाही, आजही पटत नाही. जागतिक व्यापाराच्या डंकेल प्रस्तावाचे स्वागत करणाऱ्यांनी शेतकऱ्याला कुणाच्या दारात उभे केले, ते २०२५च्या ऑगस्टात दिसले. पण म्हणून गेलताईंना ‘साम्राज्यवादाच्या हस्तक’ म्हणणारे आमच्यातले काही सोवळे डावे मला कधीच आवडले नाहीत. त्या जन्मभर ज्यांच्यासाठी लिहीत राहिल्या, त्यांच्या वस्तीत या टीकाकारांपैकी किती जण राहिले?

आजचा राग मला खुजा वाटतो. २०२५मध्ये नव्या एच-१बी व्हिसाचे शुल्क एक लाख डॉलर झाले, तर घराघरांत संताप. पण गाझात मुले मरत असताना सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचा ठराव अमेरिका पुन्हा पुन्हा नकाराधिकाराने पाडत राहिली, त्यावर तालुक्यात एक निषेध सभा झाली नाही. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे स्टालिनग्राडच्या लढ्यावर पोवाडा रचत होते. त्याच जिल्ह्याला आता जगाचे दुःख फक्त स्वतःच्या मालाचा भाव पडला की कळते.

पाणी परिषदांचे ठराव, एन्रॉनविरोधी पुस्तिका, दुष्काळी मोर्चांची पत्रके अजून कित्येकांच्या माळ्यावर पडून आहेत. ती रद्दीत घालू नका, जवळच्या वाचनालयात द्या. आणि वाचनालयांनी गेल ऑम्वेट यांची पुस्तके मागवावीत. डाळिंबवाल्यांच्या पोरांनी ती या हिवाळ्यात वाचावीत.