अंगठीला टांगलेलं घर!

दोस्ता, एक कोडं घालू? झाडावर आहे, पण फळ नाही. अंड्यासारखं दिसतं, पण पक्ष्याचं नाही. घर आहे, पण त्याला दार नाही! ओळख बघू!

नाही सुचत? मग ऐन उन्हाळ्यात पेठ-सुरगाण्याकडे किंवा त्र्यंबकच्या जंगलात गेलास-गेलीस तर ऐनाचं झाड शोध. मगरीच्या पाठीसारखी खडबडीत साल असते ना, ते झाड. तेव्हा त्याची पानं गळालेली असतात. नशीब चांगलं असेल, तर उघड्या डहाळीला एखादं करडं-पिवळं, कोंबडीच्या अंड्याहून जरासं लहान गाठोडं लटकलेलं दिसेल.

तो टसर पतंगाचा कोश! येवल्याच्या पैठणीचं रेशीम तुतीची पानं खाणाऱ्या, माणसाने हजारो वर्षं पाळलेल्या किड्याचं असतं. त्याच्या पतंगाला धड उडताही येत नाही. टसर मात्र रानातला! एकदम मोकळा!

आता खरी गंमत ऐक. झाडाची सगळी पानं गळाली. मग कोश का नाही पडला?

कारण अळी भारी हुशार! कोश विणायला बसते तेव्हा झाड हिरवंगार असतं. ती दोन-चार पानं ओढून धाग्याने एकमेकांना बांधते. त्या पानांच्या झोळीत बसून कोश विणता आला असताच की! पण नाही. ती आधी डहाळीपर्यंत जाते आणि डहाळीभोवती रेशमाची घट्ट अंगठी विणते. तिथून खाली एक मजबूत देठ. आणि त्या देठाला टांगलेलं घर! पुढे पानं खुशाल गळून जाऊ देत, अंगठी जागची हलत नाही!

आणि गंमत म्हणजे या अळीने पानगळ कधी पाहिलेलीच नसते! कोणी शिकवलेलंही नसतं. आई तर ती अंड्यातून बाहेर यायच्या आधीच निघून गेलेली. तरी अंगठी विणायची हे तिला बरोब्बर कळतं.

घर कसं, तर दगडासारखं टणक. भिंती विणून झाल्या की अळी आतून त्यांच्यावर एक पातळ द्रव सोडते. तो वाळला की भिंत कडक! आत अळीचा कोषित, म्हणजे पतंग होण्याआधीचं रूप, होतो आणि तो झोपी जातो. थोडाथोडका नाही हं! थंडीत झोपलेला कोषित अख्खा उन्हाळा झोपून काढतो. जूनमध्ये पाऊस आला की जागा!

पण दार तर नाही! मग बाहेर कसं यायचं? पतंगाच्या तोंडाशी एक जादूचं औषध असतं. ते धाग्यांना चिकटवून ठेवणारा डिंक विरघळवतं. भिंत ओली होते, धागे सैल पडतात आणि पतंग डोकं खुपसून बाहेर!

बाहेर आल्यावर पंख असतात चुरगळलेले, इवलेसे. तो घाईघाईने कशाला तरी उलटा लटकतो. अंगातला द्रव पंखांत भरला जातो आणि पंख उलगडत जातात. किती मोठे? दप्तरातली 15 सेंटिमीटरची पट्टी काढ. या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण तेवढे, मादीचे तर त्याहून मोठे!

टसर ओळखायचा कसा? पंखांवर बघ. चारही पंखांवर एकेक गोल डोळा असतो. आणि डोळ्याच्या मधोमध चक्क खिडकी! तिथला पंख पारदर्शक असतो. पतंग भिंतीवर बसला, तर खिडकीतून भिंतीचा रंग दिसतो! मादी पिवळसर किंवा करडी, नर लालसर तपकिरी. फिकट हिरवा रंग आणि लांब शेपट्या दिसल्या, तर तो चंद्रपतंग. पंखाच्या टोकावर सापाचं डोकं काढल्यासारखं वाटलं, तर तो अॅटलास. दोघेही टसरचेच भाऊबंद.

आता सांग, एवढा मोठा पतंग जेवतो काय? काहीच नाही! त्याला खाण्यापुरतं तोंडच नसतं! अळी असताना जे पोटात साठवलं, त्यावर आठवडाभर जगायचं. म्हणून तर अळी इतकी खादाड! मुंगीएवढी जन्मते आणि महिना-दीड महिन्यात दहा सेंटिमीटरपेक्षा लांब होते. हिरवीगार, अंगावर चांदीचे चमचमते ठिपके!

आपली गोदावरी त्र्यंबकला उगम पावते आणि गडचिरोलीत सिरोंच्याला जाऊन पोचते. त्या गडचिरोलीत, शिवाय चंद्रपूर, भंडारा, गोंदियातही टसरला म्हणतात कोसा. तिथली ढिवर कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या कोसा पाळतात. पण घरात नाही, रानात! अंडी पानांच्या द्रोणात घालून झाडाला बांधतात. अळ्या झाडावर चरतात आणि माणसं खाली राखण करतात. पक्षी, मुंग्या, गांधीलमाश्या, सगळ्यांना अळी हवी असते ना! एका झाडाची पानं संपली की अळ्यांना दुसऱ्या झाडावर न्यायचं. बियाण्याच्या कोशांतून पतंग बाहेर येऊ देतात, बाकीचे कोश उकळून धागा काढतात. होय, आतला जीव मरतो. तुला वाईट वाटलं, तर मलाही वाटतं. त्याच धाग्याची करवतकाठी साडी होते. तिच्या काठावर करवतीचे दात विणलेले असतात!

तुलाही टसर पाळायचाय? रानात जायला नको. शाळेच्या आवारात मोठ्ठ्या पानांचं बदामाचं झाड असतं ना? ते ऐनाचंच नातलग. टसरची अळी त्याचीही पानं खाते. ठिपकेवाली हिरवी अळी खाली पडलेली सापडली, तर घरी आण. केसाळ सुरवंटाला मात्र अजिबात हात लावू नकोस, अंगाला खाज सुटेल!

ज्या झाडाखाली सापडली, त्याचीच डहाळी बाटलीतल्या पाण्यात ठेव. बाटलीचं तोंड कापसाने बंद कर, नाहीतर अळी पाण्यात पडेल. पानं रोज ताजी हवीत. अळी डोकं वर करून गप्प बसली, तर ती आजारी नाही, कात टाकतेय! तेव्हा तिला हलवू नकोस. आणि कोश झाला की तो उंच टांग, म्हणजे पतंगाला पंख उलगडायला जागा मिळेल.

मादी निघाली, तर आणखी मज्जा! ती एक वास सोडते. आपल्याला येत नाही, पण नराला फार लांबून येतो. त्याच्या डोक्यावर पिसांसारख्या दोन रुंद मिशा असतात ना, त्याच त्याचं नाक! फ्रान्समध्ये झां-आंरी फाब्र नावाच्या किडेवेड्या आजोबांच्या घरात टसरच्याच कुळातली एक मादी जाळीखाली ठेवलेली होती. त्या एका रात्रीत घरात चाळीसेक नर येऊन धडकले!

तूही मादीला एक रात्र जाळीखाली गॅलरीत ठेव, दिवा मालव आणि किती पाहुणे आले ते मोज. मग जाळी उचल आणि दे तिला सोडून!