संगणकाच्या खेळांतील शीलपरीक्षा

हल्लीं ज्या घरांत दहा-पंधरा वर्षांचें मूल आहे, त्या घरांत “माझी लेव्हल वाढली!” हे उद्गार कानीं पडल्यावांचून दिवस सहसा मावळत नाहीं. वडील मंडळींस त्यांतलें इतकेंच कळतें कीं, मुलाच्या हातीं संगणक किंवा मोबाईल आहे आणि जेवणाचीं पानें मांडून झालीं तरी तें जागचें हालत नाहीं. मग कोणी रागावतें, कोणी यंत्र काढून घेतें, कोणी ‘काळच तसा आला’ म्हणून सुस्कारा टाकतें. परंतु ही ‘लेव्हल’ कसली, आणि ती वाढली म्हणजे नेमकें काय वाढलें, हें विचारण्याच्या भानगडींत फारसें कोणी पडत नाहीं. आमच्या मतें सगळ्या प्रश्नाची किल्ली तेथेंच आहे.

पायऱ्या चढण्याच्या ह्या पद्धतीचा उगम संगणकांत नाहीं. अमेरिकेंतील गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या दोघांनीं १९७४ सालीं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा एक बैठा खेळ तयार केला. त्याची पहिली आवृत्ति अवघ्या १००० प्रतींची होती. चारसहा मित्रांनीं मेजाभोवतीं बसावें, प्रत्येकानें एकेका कल्पित वीराची भूमिका घ्यावी, एकानें प्रसंग सांगावा आणि फांशांच्या दानावर त्याचा निकाल लागावा, असा हा प्रकार. वीराचें बळ, बुद्धि, चापल्य इत्यादि सहा गोष्टी आंकड्यांनीं मांडलेल्या असत. शत्रु मारला किंवा धन मिळविलें कीं अनुभवाचे गुण जमत, आणि ते पुरेसे जमले म्हणजे वीर वरच्या पायरीवर जाई. योद्ध्यास दुसऱ्या पायरीसाठीं २०००, तिसरीसाठीं ४०००, चौथीसाठीं ८०००, अशी ही चढण दुपटीनें कठीण होत असे. इतका हिशेब ठेवणें हें यंत्राच्याच आवडीचें काम. तेव्हां १९८१ सालीं अमेरिकेंत ‘विझर्ड्री’ आणि १९८६ सालीं जपानांत ‘ड्रॅगन क्वेस्ट’ निघाल्यावर ही पद्धति संगणकाच्या खेळांत कायमची रुजली, ह्यांत नवल नाहीं.

तिची मोहिनी कशांत आहे हेंही समजून घेतलें पाहिजे. गाणें शिकणाऱ्या मुलीनें सहा महिने रोज पहांटे षड्ज लावला, तरी तिचा सूर तिळभर पुढें सरकला कीं नाहीं, हें तिला कोण सांगणार? व्यवहारांत श्रमाचें फळ उशिरा येतें, आणि पुष्कळदां दुसऱ्याच्याच पदरांत पडतें. खेळांत मात्र प्रत्येक श्रम तत्काळ मोजला जातो व त्याची पोंच मिळते. मूल त्यांत रमतें तें केवळ आळसानें नव्हे. आपली वाढ डोळ्यांनीं पहावी, ही भूक तेथें भागते.

पण वाढ कशाची? बहुतेक खेळांत बळाची आणि संपत्तीची. वीरानें परक्याच्या घरांत शिरावें, पेट्या उघडाव्या, वाटेंत येईल त्यास लोळवावें. त्याचा आंकडा चढतच जातो. ही विसंगति रिचर्ड गॅरियट ह्या तरुण अमेरिकन रचनाकारास बोंचली. त्याचा जन्म १९६१ चा. त्याचे वडील ओवेन गॅरियट हे १९७३ सालीं ‘स्कायलॅब’ ह्या अंतराळस्थानकावर राहून आलेले अंतराळवीर. रिचर्डच्या ‘अल्टिमा’ मालेंतील पहिल्या तीन खेळांत दुष्टाचा संहार हेंच ध्येय होतें. पुढें खेळाडूंचीं व पालकांचीं पत्रें वाचतांना त्याच्या लक्षांत आलें कीं, त्या ध्येयाच्या नांवाखालीं लोक खुशाल चोऱ्या करतात व निरपराध दुकानदारांसही मारतात. तेव्हां १९८५ सालीं काढलेल्या चौथ्या खेळांत त्यानें अंतीं मारावयाचा दुष्टच ठेविला नाहीं. खेळाडूनें स्वतः सद्गुणी व्हावें, हेंच त्याचें साध्य. त्या पदवीस त्यानें नांव दिलें तें आपल्या संस्कृतांतलें: ‘अवतार’. आपल्याकडे अवतार वरून खालीं उतरतो; गॅरियटचा अवतार खालून वर चढतो, एवढाच भेद.

आरंभींच भविष्य सांगणारी एक भटकी बाई पत्ते मांडून सात प्रश्न विचारते. न मोजलेल्या मोहोरांची थैली पोंचविण्यास तुमच्याकडे दिली आहे, आणि वाटेंत भुकेला भिकारी भेटतो. थैली तशीच पोंचवाल, कीं एक नाणें त्यास द्याल? दोन्ही उत्तरें चांगलीं. प्रश्न इतकाच कीं, तुम्हांस प्रामाणिकपणा वडील कीं करुणा? प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, ब्रीद, अध्यात्म व विनय ह्या आठांतून शेवटीं जो गुण उरतो त्यावरून तुमची भूमिका ठरते. विनय उरला तर मेंढपाळाची, म्हणजे सर्वांत दुबळी, भूमिका वाट्यास येते!

पुढील परीक्षा याहून सूक्ष्म आहे. औषधी विकणारी बाई आंधळी आहे. पैसे किती ठेवावयाचे तें गिऱ्हाइकानेंच ठरवावयाचें. कमी ठेवले तरी ती माल देते, कोणी हटकीत नाहीं. परंतु आंत कोठें तरी प्रामाणिकपणा घटलेला असतो. पळत्या शत्रूस जाऊं दिल्यानें करुणा वाढते, आपण रणांतून पळाल्यानें शौर्य घटतें, दुसऱ्यासाठीं रक्त दिल्यानें त्याग वाढतो, आणि फुशारकीचें उत्तर दिलें तर विनय जातो. विशेष हा कीं, बळाचे आंकडे समोर दिसतात, पण सद्गुणांचे दिसत नाहींत. ते राजवाड्यांतील एका द्रष्ट्यास विचारावे लागतात, आणि तोही आंकडा न सांगतां सूचनाच देतो. पात्रता आली म्हणजे त्या त्या गुणाच्या मंदिरांत मंत्र जपून ध्यान करावयाचें; अध्यात्माच्या मंदिरांतील मंत्र तर आपला ‘ॐ’च आहे. येवढें करून पुन्हां दुष्कृत्य घडलें, तर मिळविलेली पायरी हातची जाते.

तथापि ह्या खेळाची थोरवी सांगतांना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. भिकाऱ्यास एकेक नाणें वारंवार देत राहिलें कीं करुणा भरून येते, हें चाणाक्ष खेळाडूंनीं ताडलें. यंत्रास हात दिसतो, हेतु दिसत नाहीं. फलाशेनें केलेलें दान आणि कळवळ्यानें केलेलें दान त्याच्या वहींत एकाच रकान्यांत पडतें. पण हा दोष यंत्राचाच काय? देवळाच्या पायरीवर दात्याचें नांव कोरविणारे आम्ही, आमची वही तरी कोठें निराळी आहे?

आपल्या भाषेंत ‘गुण’ ह्या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत: परीक्षेंत मिळतात तेही गुण आणि अंगीं असतात तेही गुण. घराघरांतून पहिल्यांची चौकशी रोज होते, दुसऱ्यांची क्वचित्. ज्या घरांत मुलाची किंमत शेंकड्यांवर ठरते, त्या घरानें ‘लेव्हल’ मोजणाऱ्या मुलास हंसावें हें शोभत नाहीं. आंकड्यानें माणूस मोजण्याचा धडा त्यानें यंत्रापाशीं गिरविला, तो आपल्यापाशींच घेऊन.

ह्याचा अर्थ मुलांस मोकाट सोडावें असा नव्हे. पैसे भरून आंधळ्या नशिबाच्या पेट्या उघडावयास लावणारे खेळही आहेत. बेल्जमनें २०१८ सालीं अशा पेट्यांस जुगारांत काढलें. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अमलांत आलेल्या रोगसूचींत खेळाच्या अनावर व्यसनासही स्थान आहे. झोंप, अभ्यास व माणसें तुटूं लागलीं, तर वडिलांनीं खंबीर झालेंच पाहिजे.

परंतु तसें नसेल, तर यंत्र हिसकावण्यापूर्वीं घटकाभर मुलाशेजारीं बसावें आणि तीन प्रश्न विचारावे: हा खेळ काय मोजतो? काय मोजीत नाहीं? आणि कोणी पाहत नसतां त्या आंधळ्या बाईपुढें तूं किती पैसे ठेवलेस, किंवा ठेविले असतेस? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर देतांना मूल क्षणभर थबकलें, तर त्याची एक पायरी खरोखरच वाढली, असें खुशाल समजावें. ती कोणत्याही पडद्यावर उमटणार नाहीं. घरांतल्या माणसांनींच ती ओळखली पाहिजे.