पंपाची ठिणगी वेळेवर पडते का?

ऐन फवारणीच्या दिवसांत पाठीवरच्या पेट्रोल पंपाची दोरी ओढताना हाताला उलटा झटका बसतो का? नवा प्लग घालूनही इंजिनात दम येत नाही का? मग ठिणगीची वेळ तपासा.

पिस्टन अगदी वर पोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडावी लागते. फार आधी पडली तर इंजिन तापते, पिस्टनला भोकही पडते. उशिरा पडली तर ताकद घटते, पेट्रोल जास्त जळते.

जुन्या, पॉइंटवाल्या इंजिनात आधी प्लग काढा. फ्लायव्हीलच्या खिडकीतून पॉइंट साफ करा. ते पूर्ण उघडले की फट मोजा. ती बहुधा ०.३ ते ०.४ मिलिमीटर असते, पण पंपाच्या माहितीपुस्तकातला आकडा खरा. मग पॉइंटांत पातळ कागदाची पट्टी धरून फ्लायव्हील चालत्या दिशेने हळू फिरवा. खुणा जुळताच पट्टी सुटली पाहिजे. लवकर सुटली तर फट किंचित कमी करा, उशिरा सुटली तर वाढवा.

नव्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात पॉइंट नसतात. तिथे फ्लायव्हीलची चावी तुटली की वेळ चुकते. चावी नवीच बसवा, तिच्या जागी खिळा ठोकू नका. चावीचे थोडे पैसे वाचतील, पण शाफ्ट जाईल!