गालिचा उलटून पाहा

काळ्या जमिनीत कापूस पिकतो, आणि हाताने गाठी मारून विणलेल्या गालिच्याचा सांगाडा बहुधा कापसाच्या सुताचाच असतो. मागावर उभा ताणा घट्ट ओढून बांधतात. विणकर ताण्याच्या दोन धाग्यांना रंगीत लोकरीचा वेढा देतो, खाली ओढतो आणि सुरीने कापतो. ही झाली एक गाठ. ओळ भरली की आडवा बाणा घालून लोखंडी पंजाने ठोकायचं. सतरंजीत या गाठी नसतात, म्हणून ती सपाट राहते.

चौरस इंचात 100 गाठी धरल्या, तर 4 बाय 6 फुटांच्या गालिच्यात 3,45,600 गाठी येतात. असं काम घाईने उरकत नाही. त्याची किंमत मला तरी रास्तच वाटते.

महाराष्ट्रात या कामाचं मोठं नाव म्हणजे पुण्याचा येरवडा तुरुंग. एकोणिसाव्या शतकात तिथले कैदी गालिचे विणत. विजापूरच्या आसार महालातल्या जुन्या गालिच्यांवरूनही नमुने उचलले गेले. इतर तुरुंगांतही असं काम चाले: विंडसर किल्ल्याच्या वॉटर्लू दालनातला अवाढव्य गालिचा आग्र्याच्या तुरुंगात विणलेला.

विकत घेताना गालिचा आधी उलटा करा. पाठीवर नक्षी स्पष्ट दिसली आणि एकेक गाठ मोजता आली, तर तो गाठींचा. मागे कापड चिकटवलेलं असेल, तर बहुधा तो टफ्टेड. त्यातली लोकर टोचून लेटेक्सने धरून ठेवलेली असते. झालरही तपासा. अस्सल गालिच्यात ती ताण्याचीच टोकं असतात, वेगळी शिवलेली नसते.