ऑनलाइन चरित्रातला वाद कसा मिटवावा?

पुसद तालुक्यातील गहुली हे वसंतराव नाईकांचे जन्मगाव. ते महाराष्ट्राचे तिसरे मुख्यमंत्री की चौथे? दोन्ही आकडे छापलेले आढळतात. नोव्हेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवारांचे पदावर असतानाच निधन झाले. काही दिवस प. कृ. सावंतांनी हंगामी कारभार पाहिला आणि ५ डिसेंबरला नाईकांनी सूत्रे घेतली. सावंतांना मोजले तर नाईक चौथे, वगळले तर तिसरे. अशा वेळी चरित्रात एक आकडा खोडून दुसरा घालण्यापेक्षा मोजणीचा आधार एका वाक्यात द्यावा.

विकिपीडियावरच्या अशा बहुतेक चरित्रांत कुणीही दुरुस्ती करू शकतो. पण ती टिकते पुराव्यावर. ‘मी त्याच गावचा’ हा पुरावा नव्हे. पुस्तक, वृत्तपत्र किंवा संशोधनलेख यांसारखा प्रकाशित, विश्वासार्ह संदर्भ जोडावा लागतो. दोन चांगले संदर्भ जुळत नसतील, तर दोन्ही मते नोंदवावीत. कुणी आपला बदल उलटवला, तर पुन्हा तोच बदल न करता लेखाच्या चर्चापानावर मुद्दा मांडावा. आधी कुणी काय बदलले, हे लेखाच्या ‘इतिहास’ या भागात दिसते.

व्यक्ती हयात असेल तर नियम अधिक कडक असतात. संदर्भाविना लिहिलेला वादग्रस्त मजकूर लगेच काढता येतो. ज्याच्यावर लेख आहे त्या पदाधिकाऱ्याने स्वतः किंवा त्याच्या कार्यकर्त्यांनी मात्र लेखात थेट हात घालू नये. चर्चापानावर पुराव्यासह विनंती करावी.

दुरुस्ती करण्यापूर्वी संदर्भ हाताशी ठेवा.