फुगा, ग्लोव्हज आणि केळं : रबरातली अ‍ॅलर्जी मोजतात कशी?

मागच्या वर्षी पारोळ्यात आमच्या शाळेच्या कार्यक्रमासाठी मुलं फुगे फुगवत होती. पाचवीतल्या एका मुलीचे ओठ बघता बघता सुजले, अंगावर गांधी उठल्या. तिच्या अम्मीला वाटलं, सकाळचं केळं बाधलं. डॉक्टरांनी मात्र आधी फुग्याबद्दल विचारलं. गंमत म्हणजे, या दोन्ही गोष्टींचं एकमेकांशी नातं आहे.

साधे फुगे आणि डॉक्टरांचे बरेचसे ग्लोव्हज रबराच्या झाडाच्या चिकापासून बनतात. आपल्या देशात हा चीक मुख्यतः केरळातून येतो. चिकात प्रथिनं असतात. काहींच्या शरीराला ती शत्रू वाटतात. मग खाज, शिंका, दम लागणं आणि क्वचित रक्तदाब घसरून जिवावर बेतणं. नर्स, डॉक्टर आणि वारंवार ऑपरेशन झालेली मुलं यांना धोका जास्त.

ही प्रथिनं मोजतात कशी? ग्लोव्हजचे तुकडे द्रावणात भिजवतात. सुटून आलेल्या प्रथिनांत रसायन मिसळलं की निळा रंग येतो. रंग जितका गडद, तितकी प्रथिनं जास्त. ही झाली लॉरी पद्धत. पण एकूण गुण पाहून मूल गणितात पास आहे का, हे कळत नाही. तसंच इथेही, कारण सगळी प्रथिनं त्रासदायक नसतात. म्हणून दुसऱ्या चाचणीत ठरावीक प्रथिनालाच पकडणारी प्रतिपिंडं वापरतात. ग्लोव्हजसाठी हेव बी १, ३, ५ आणि ६.०२ ही चार प्रथिनं महत्त्वाची मानली जातात.

यातल्या ६.०२ शी केळातल्या एका प्रथिनाची ठेवण जुळते. म्हणून लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींना केळं, किवी, अ‍ॅव्होकॅडोही बाधतं. याचा अर्थ आपल्या खानदेशात सगळ्यांनी केळी सोडावीत असा नाही! त्रास होत असेल त्यानेच डॉक्टरांना विचारावं.

कारखान्यात ग्लोव्हज गरम पाण्यात नीट धुतले की प्रथिनं कमी होतात. पावडरवाल्या ग्लोव्हजमध्ये पावडरीला चिकटलेली प्रथिनं हवेत उडतात. अमेरिकेने असे ग्लोव्हज जानेवारी २०१७ पासून बंद केले. पण लक्षात ठेवा, ‘पावडर-फ्री’ म्हणजे ‘लॅटेक्स-फ्री’ नव्हे. आणि ‘कमी प्रथिनं’ म्हणजे शून्य नव्हे. ज्याला अ‍ॅलर्जी आहे, त्याला थोडंसंही पुरतं.

म्हणून फुग्याने किंवा रबरी ग्लोव्हजने कधी ओठ सुजले, अंग खाजलं असेल, तर बाळंतपण, खतना, दातांचं काम किंवा कुठलंही ऑपरेशन असो, डॉक्टरांना आधीच सांगा. नायट्राइलचे ग्लोव्हज मिळतात, ते वापरायला सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही. त्या मुलीच्या फाईलवर आता पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिलंय : लॅटेक्स नको.