जुनी पिकअप गाडी घेताना

आपल्या व्यापारी समाजाचा व्यवसाय मालाच्या ने-आणीवर उभा आहे. निपाणीची तंबाखू, संकेश्वरची मिरची, बेळगावच्या रविवार पेठेतील किराणा-भुसार हा सर्व माल एके काळी बैलगाड्यांनी येई-जाई. आज तेच काम सव्वा ते दोन टन भार वाहणाऱ्या पिकअप गाड्या करीत आहेत. बोलेरो पिकअप, टाटा योद्धा ही नावे दुकानातील पोरसवदा नोकरालाही ठाऊक असतात. नवी गाडी घेण्याइतके भांडवल प्रत्येकापाशी नसते. आणि असले तरी ते गाडीपेक्षा मालात गुंतविणे पुष्कळांना श्रेयस्कर वाटते. त्यामुळे जुनी गाडी घेण्याकडे सदस्यबंधूंचा ओढा असतो, आणि तो गैर नाही. मात्र धान्य घेताना पोत्याच्या तळचा दाणा काढून पाहणारा व्यापारी गाडी घेताना वरच्या रंगावर भाळतो, हे आम्ही अनेक वेळा पाहिले आहे. म्हणून गाडीचा तळचा दाणा कसा पाहावा, एवढेच या लेखात सांगण्याचे योजिले आहे.

वय वर्षांचे नव्हे, भाराचे

प्रवासी मोटारीचे वय वर्षांवरून व मैलांवरून काढता येते. पिकअप गाडीचे खरे वय तिने वाहिलेल्या भारावर ठरते. नोंदणीपुस्तकात गाडीचे रिकामे वजन व मालासह जास्तीत जास्त वजन असे दोन आकडे असतात. त्या दोहोंतील फरक हाच त्या गाडीचा कायदेशीर भार होय. चालकाचे व मदतनिसाचे वजनही त्यातच धरावयाचे असते. दीड टनाची गाडी तीन टन ओढते, ही बाजारातील बढाई विकणाऱ्याच्या तोंडून ऐकू आली, तर ती गाडीची स्तुती नसून तिच्या दुखण्याची कबुली आहे असे समजावे.

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण हा एक अतिचार तत्त्वार्थसूत्रात गणला आहे. तो मुक्या जनावरांसाठी सांगितला आहे हे खरे. गाडीला जीव नाही. परंतु तिच्या चालकाला आहे आणि रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यालाही आहे. घाटात उतारावर अतिभारित गाडीचे ब्रेक तापून निकामी होतात, तेव्हा त्या अतिचाराचे फळ कोणास भोगावे लागते हे सांगावयास नको.

अतिभाराच्या खुणा गाडीच्या पोटाखाली सापडतात. याकरिता गाडी सर्व्हिसिंगच्या रॅम्पवर चढवून खालून पाहावी. प्रथम मागचे पाटे पाहावेत. कंपनीने दिलेल्या पाट्यांवर आणखी एखाद-दुसरा पाटा चढविलेला असेल, तर गाडीने ठरल्यापेक्षा अधिक ओझे वाहिले, किंवा वाहविण्याचा बेत तरी होता, हे निश्चित. पाटे सपाट झाले आहेत काय, एखादा तुटला आहे काय, यू-बोल्टच्या जागी झीज आहे काय, हेही पाहावे. त्यानंतर चासी. पाट्यांचे टोक जेथे चासीला अडकते तेथे, आणि केबिन व हौदा यांच्या मधल्या भागात, भाराचा ताण सर्वांत अधिक येतो. तेथे चीर, वेल्डिंगची गाठ अथवा वरून ठोकलेली पट्टी दिसली, तर सौदा तेथेच थांबवावा. इंजिन दुरुस्त होते, रंग पुन्हा देता येतो. मोडून सांधलेली चासी मात्र पूर्ववत होत नाही.

गाडी सरळ रस्त्यावर चालवावयास सांगून आपण मागून पाहावे. मागची चाके पुढच्या चाकांच्या रेषेत न जाता एका अंगाने तिरकी जात असतील, तर पाट्यांचा मधला बोल्ट तुटून अॅक्सल सरकला असेल, नाहीतर चासी वाकली असेल. दोन्ही कारणे जाणकार मिस्त्रीकडून तपासून घ्यावीत.

गंज आणि पूर

गाडी पूर्वी कोणता माल वाहत होती हे अवश्य विचारावे, व हौद्याकडे पाहून उत्तराची शहानिशा करावी. गोवा व कोकण किनाऱ्यावर मासळी वाहिलेल्या गाडीत बर्फाचे खारट पाणी हौद्याच्या फटींतून चासीवर ठिबकत राहते, आणि गंज आतून पोखरीत जातो. आपल्यापैकी धान्य व किराण्याच्या व्यापाऱ्यांना अशी गाडी धर्मदृष्ट्याही नकोशी वाटणार, हे वेगळेच. खते अथवा कीटकनाशके वाहिलेली गाडीही खाद्य मालास योग्य नव्हे. चासीला नुकताच काळा डांबरी लेप दिलेला असल्यास तो कौतुकाचा नव्हे, संशयाचा विषय मानावा. लहान हातोडीने ठोकून पाहिल्यास निरोगी लोखंड खणखणीत वाजते. पोखरलेले बद्द वाजते.

दुसरी गोष्ट पुराची. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या काठी कोल्हापूर, सांगली व बेळगाव जिल्ह्यांत जे महापूर आले, त्यांत अनेक वाहने पाण्यात उभी होती. त्यांतील काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आली असतील, हे गृहीत धरूनच त्या आधीच्या गाड्या तपासाव्यात. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा; त्याच्या आतल्या टोकाला गाळाचा डाग राहून जातो. डॅशबोर्डाखाली हात घालून तारांचे जोड पाहावेत. तांब्यावर हिरवट थर असेल तर पाणी तेथवर चढले होते. दिव्यांच्या काचेत आतून वाफ धरली असेल, तर तीही तीच साक्ष देते.

इंजिन, क्लच व चढाव

गाडी पाहण्यास सकाळी, न कळविता गेलेले उत्तम. बॉनेटवर हात ठेवावा. तो गरम लागल्यास आपल्यासाठी गाडी आधीच सुरू करून ठेवली होती असे जाणावे. थंड इंजिन सुरू होण्यास किती वेळ घेते व धूर कोणत्या रंगाचा निघतो, यावरून पुष्कळ कळते. काळा दाट धूर असेल तर डिझेल पुरते जळत नाही. दोष इंजेक्टरमध्ये, हवेच्या फिल्टरमध्ये अथवा टर्बोत असू शकतो. निळसर धूर म्हणजे ऑईल जळते आहे. पांढरा धूर थंडीत क्षणभर निघणे स्वाभाविक आहे. पण इंजिन तापल्यावरही तो थांबत नसेल, तर रेडिएटरचे पाणी आत जात असावे. ऑईलच्या काडीवर दुधाळ चिकटा दिसणे हे त्याचेच दुसरे लक्षण. इंजिन चालू असता ऑईल भरण्याचे झाकण सैल करून पाहावे. त्यातून धुराचे झोत जोराने येत असतील, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत व मोठा खर्च दाराशी उभा आहे. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन गरम असता कदापि उघडू नये.

१ एप्रिल २०२० पासून विक्रीस आलेली वाहने भारत स्टेज सहा या प्रदूषण नियमांतील आहेत. यांपैकी डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडविणारा फिल्टर असतो. गावातल्या गावात थांबत-थांबत चालणाऱ्या गाडीत हा फिल्टर लवकर तुंबतो, आणि त्याची बदली महाग पडते. चावी फिरविताच डॅशबोर्डावरील सूचनादिवे लागून इंजिन सुरू झाल्यावर मालवले पाहिजेत. एखादा दिवा मुळीच लागत नसेल, तर दोष लपविण्यासाठी तो काढून टाकला असण्याची शंका घ्यावी.

रिकाम्या गाडीची चाचणी ही चाचणीच नव्हे. नोंदणीपुस्तकातील मर्यादेइतका माल भरून वंटमुरीसारख्या घाटाच्या चढावर गाडी न्यावी. इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाल्यास क्लच घसरत आहे. वेग धरताना व सोडताना खालून ठक असा आवाज आल्यास प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस झिजले आहेत. मागून सतत घुमल्यासारखा आवाज येणे हे डिफरन्शियलच्या दाताळ्यांचे अथवा बेअरिंगचे दुखणे होय. उतारावर ब्रेक दाबता गाडी एका बाजूस ओढते काय, हेही त्याच फेरीत पाहून घ्यावे.

टायरच्या कडेला चार अंकी छाप असतो. ‘२३२१’ असा आकडा असेल, तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. गाडी दोन वर्षांची म्हणून सांगितली आणि कंपनीचे म्हणून दाखविलेले टायर पाच वर्षांचे निघाले, तर त्या विसंगतीचा उलगडा विचारावा.

मीटरचा आकडा

मीटरवरील किलोमीटर हे विकणाऱ्याचे विधान आहे, पुरावा नव्हे. साधा हिशेब करून पाहावा. रोज शंभर किलोमीटर व वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर वर्षाला तीस हजार व सहा वर्षांत एक लाख ऐंशी हजार किलोमीटर होतात. सहा वर्षे धंद्यात राबलेल्या गाडीवर सत्तर हजारांचाच आकडा असेल, तर कंपनीच्या सर्व्हिस केंद्रातील नोंदी मागाव्यात आणि पेडलांचे रबर, स्टिअरिंगची गुळगुळीत झालेली कड, चालकाची खचलेली बैठक यांच्याशी तो आकडा ताडून पाहावा. खोट्या वजनमापांस शास्त्राने अस्तेयाणुव्रताच्या अतिचारांत घातले आहे. मीटर मागे फिरविणे हे त्याच जातीचे कृत्य आहे, हे विकणाऱ्या सदस्यांनीही ध्यानी ठेवावे.

नावावर झाली तरच आपली

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि आपल्याकडे सर्वांत उपेक्षित. चासीवर कोरलेला क्रमांक व इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशी अक्षरशः जुळवून पाहावा. बँकेचा बोजा आहे काय, फिटनेस, कर, विमा व प्रदूषण प्रमाणपत्र यांची मुदत कोठवर आहे, थकलेले दंड किती, हे परिवहन खात्याच्या वाहन संकेतस्थळावर पाहता येते. फिटनेस प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंतच्या गाडीस दोन वर्षांचे व पुढे एकेका वर्षाचे मिळते. मालासह एकूण वजन ३,००० किलोंपेक्षा अधिक असलेल्या गाडीस परवाना लागतो, तोही पाहावा. बोजा असल्यास बँकेचा दाखला व नमुना ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

सीमाभागात कोल्हापूरची एमएच ०९ ची गाडी बेळगावात व बेळगावची केए २२ ची गोव्यात सहज विकली जाते. अशा वेळी मूळ कार्यालयाचे ना-हरकत पत्र, म्हणजे नमुना २८, आवश्यक असते. आणि बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवावयाची तर तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. नव्या राज्यात भरावा लागणारा कर किमतीत धरूनच भाव ठरवावा.

विकणाऱ्याकडून नमुना २९ व ३० यांवर सह्या घेऊन कागद तिजोरीत ठेवून देण्याची चाल आपल्याकडे फार आहे. ही चाल दोघांनाही घातक आहे. मोटार वाहन कायद्याप्रमाणे घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत नावबदलासाठी कळविले पाहिजे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, नोंदवहीत ज्याचे नाव तोच कायद्याने मालक; मधल्या कितीही हातांतून गाडी गेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणजे चार वर्षांपूर्वी विकलेल्या गाडीने कोणाचा जीव घेतला, तर नोटीस विकणाऱ्याच्या घरी येईल. घेणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. पूर्वीच्या मालकाची नो-क्लेम सवलत घेणाऱ्यास मिळत नाही. फास्टॅगही जुना बंद करून नवा घ्यावा.

करासंबंधी एक सूचना. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने धंद्यातील जुनी गाडी विकल्यास २५ जानेवारी २०२५ पासून १८ टक्के दर लागतो. परंतु घसारा घेतलेला असल्यास घसारा वजा जाता उरलेल्या किमतीहून जितके अधिक मिळाले तितक्यावरच. खरेदीच्या वेळी इनपुट क्रेडिट घेतले असेल, तर ही सवलत मिळत नाही. आपल्या कर-सल्लागाराकडून बीजक बनवून घ्यावे.

असो. वरील सर्व तपासणीस मिस्त्रीची मजुरी, एक सकाळ व परिवहन कार्यालयाच्या दोन खेपा एवढाच खर्च येतो. आपण चोपडीत उधारीची एक रकमही साक्षीवाचून मांडीत नाही. मग ज्या गाडीत आपला माल, आपला चालक आणि पुष्कळदा आपला मुलगा बसणार आहे, ती केवळ शब्दावर कशी घ्यावी? आणि सदस्यांनी सदस्यांस गाडी विकताना तिचे दोष आपण होऊन सांगावेत. त्याने भाव चार पैशांनी उतरेल. पेठेतील पत मात्र शाबूत राहील.